धारोष्ण दूध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझे मामा म्हातारपणानं गेले नाहीत. मी पाजलेल्या दुधानं गेले, आणि ते दूध कच्चं देऊ नका असं मला बजावून सांगितलेलं होतं.

मामांनीच मला वाढवलं. जन्मभर कापसाच्या बाजारात काट्यावर माल तोलणारे मापारी होते. उतारवयात लघवीतून साखर जाऊ लागली तशी अंगातली ताकद सरली. मी त्यांना आसेगावाजवळ, माझ्या शाळेच्या गावी आणलं. मी तिथला मास्तर. सातवीची फायनल पास झालेला, गावात वर्तमानपत्र वाचणारा एकटा, आणि त्याची मस्ती अंगात मुरलेली. ‘दूध उकळून प्यावे’ हे मी शाळेत पोरांकडून वीस-वीस वेळा लिहून घ्यायचो. घरी मात्र एका वैद्यबुवांनी अर्धा श्लोक म्हणून सांगितलं, “शेळीचं धारोष्ण दूध द्या. सडातून काढलं की लगेच. चुलीवर चढलं की सत्त्व गेलं.” संस्कृत शब्द कानावर पडला की अर्धवट शिकलेल्याची अक्कल हात जोडून उभी राहते. माझी राहिली.

दुधाचा रतीब शेजारच्या बकऱ्यावाल्या मावशीचा. एकटी बाई, पाच-सहा बकऱ्या. रोज सकाळी बकरी आमच्या दारात आणून समोर दूध काढायची. त्या हिवाळ्यात रतिबाच्या बकरीची मान वाकडी झाली, ती एकाच अंगानं गरगर फिरू लागली आणि तिसऱ्या दिवशी मेली. मग दुसरीनं गाभ टाकला आणि तिला दूध उतरलं. तिला घेऊन मावशी आली खरी, पण धार काढण्याआधी म्हणाली,

“मास्तर, हे दूध मामाले नोका देऊ. इनं गाभ टाकला. असं दूध आमी दुखनाइताले देत नाही.”

“काहून? शास्त्रात लिहिलं हाय काय?”

“शास्तर मले काय माईत, बाप्पा. एक चकरा मारत मेली, दुसरीनं गाभ टाकला. काही त आसन ना. द्याचंच आसन त दोन उकळ्या येऊ द्या.”

ओट्यावर चार माणसं बसली होती. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, “मावशी, उद्यापासून शाळेत तुमीच येत जा शिकवाले.” चौघं हसले. मग त्यांच्यादेखत मी अर्धा पेला कच्चं दूध घटाघटा प्यालो. मला काही झालं नाही. हाच माझा पुरावा. तिशीतला धट्टाकट्टा गडी जे पचवतो ते आजारानं पोखरलेलं म्हातारं शरीरही पचवेल, असा हिशेब करणाऱ्याला सरकार पोरं शिकवायला ठेवत होतं.

मामा आतून म्हणाले, “अरे, थे म्हनते त उकळ ना. मले काय, कसंबी चालते.”

“मामा, तुमाले समजत नाही,” मी म्हणालो, आणि पेला त्यांच्या हातात दिला. पुढे रोज देत राहिलो.

पंधरा-वीस दिवसांनी ताप चढला. मान ताठली, बोलणं तुटलं. मला ते काट्यावरचा हमाल समजायचे. “चढव अजून, काटा हालला नाही,” म्हणायचे. आठव्या दिवशी गेले. वैद्यबुवा तेराव्याला पोटभर जेवले आणि आयुष्य सरलं होतं म्हणाले.

गावाला तेवढ्यानं पुरलं नाही. ओट्यावरच्या त्याच चौघांनी शोध लावला. “तिनं आदीच सांगतलं होतं ना, मामाले दूध देऊ नोका म्हनून? मंग तिले कसं ठाऊक?” करणी ठरली. ‘उकळून द्या’ म्हणाली होती, ते चौघंही सोयीनं विसरले. बाईच्या शहाणपणाचा तिच्यावरच पुरावा करणारे हे विद्वान, आणि त्यांच्यात बसलेला मी सगळ्यांत हलका. ‘तिनं उकळायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर मास्तर उघडा पडला असता. मी खाली बघत सुपारी कातरत बसलो.

तिचा रतीब सगळीकडून बंद झाला. बकऱ्या विकून ती शिरपूरला बहिणीकडे निघाली. जाताना आमच्या दारात थांबली.

“मास्तर, मी काय म्हनलं होतं थे तुमी त ऐकलं होतं ना?”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो. तिच्याशी मी शुद्ध भाषेत बोललो, तेवढंच एकदा.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाशिमला ढोरांच्या डॉक्टरांना मी आडून विचारलं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून. ते म्हणाले, “नक्की तेच होतं असं आता सांगता येणार नाही. पण आजारी जनावराचं कच्चं दूध तगड्याला सोसतं, म्हाताऱ्याला आणि आजाऱ्याला घेऊन जातं. उकळायला काय झालं होतं त्या गाढवाला?” मी त्या गाढवाच्या वतीनं हसलो.

मावशी अजून शिरपूरला आहे म्हणतात. त्या चौघांतले दोघं जिवंत आहेत. तिला घेऊन त्या ओट्यावर जायचं आणि त्यांच्यादेखत सांगायचं की ती खरं बोलली होती, मी ऐकलं नाही आणि नंतर खोटं बोललो. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.