बांगड्याचा गुलाब

माझी बदली मालवणच्या शाळेत झाली तेव्हा साताऱ्याहून मी आईला आणलं आणि आईने गावठी गुलाबाची काडी. काडी रुजली, पण एप्रिलच्या उन्हाने आणि तापलेल्या वाळूने रोप करपायला लागलं.

दारावरून रोज एक मासेवाली जायची. डोक्यावर पाटी, अंबाड्यात गुलाब. पाटीतल्या मासळीला पुरून उरेल असा त्याचा वास. तिचं नाव विचारायचं मला धाडस झालं नाही. एके सकाळी ती कमरेवर हात ठेवून कुंपणाशी थांबली.

"मास्तरानू, झाडाक उपाशी कित्याक मारतास?"

"दोन वेळा पाणी घालतो की."

"नुसत्या पाण्यार तुमी जगशात?"

मी फाटक उघडलं. तिने कोयतीने बुंध्यापासून हातभर लांब खड्डा केला, गिऱ्हाइकांकडची उरलेली बांगड्यांची डोकी पुरली आणि ओल टिकावी म्हणून वर नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची जाड सालं, उपडी रचली.

आमच्या घरात मासळीचं नावही निघत नसे. त्यामुळे दर बुधवारी, आई देवळात पोथीला गेली की, हा कार्यक्रम चाले.

पावसाच्या तोंडावर पहिलं फूल आलं. आईने ते देवाला वाहिलं.

"काय वास आहे रे! खत कसलं घालतोस?"

"शेणखत," मी म्हणालो.

पुढच्या बुधवारी आई पोथीला गेलीच नाही. मासेवालीची हाक येताच नाकाला पदर लावून तीच फाटकाशी गेली.

"बाई, आज डोकी जरा जास्त पुरा. कळ्या बऱ्याच आल्यात."