सूनबाईंचे गुण आणि सासऱ्यांची बस

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई दिवसभर घरात बसून व्हिडिओ गेम खेळतात, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ते खरंही होतं. फक्त तो त्यांचा व्यवसाय होता. एका मासिकासाठी त्या परीक्षणं लिहायच्या. नवे गेम, त्यांच्यासोबतचे कंट्रोलर, हेडफोन, शिवाय गेमला मागाहून जोडायच्या, डाउनलोड करायच्या पुरवण्या, सगळं त्यांच्या तावडीतून जायचं. गुण देताना हात भलताच आखडता. कुणाला दहापैकी आठ दिले, की संपादक फोन करून तब्येत विचारायचे. नवऱ्याच्या चहालाही सुटका नव्हती.

"सुरुवात दमदार, शेवट पाणचट. पाच."

सासरे मात्र या कामाला काम म्हणायला तयार नव्हते. त्यांनी उभा जन्म बस चालवली होती. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरच्या चालकांच्या चुका काढायचे. म्हणजे परीक्षक तेही होतेच, पण हे त्यांना कोण सांगणार?

एकदा मासिकाकडून तपासायला एक स्टिअरिंग आलं, खाली पायाशी ठेवायच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरसकट. सूनबाईंनी ते जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलं आणि शर्यतीचा गेम लावला. खिडकीतून आवाज आला, "स्टिअरिंग असं धरतात होय?"

"मग तुम्हीच दाखवा, बाबा."

सासरे आढेवेढे घेत बसले. शर्यत सुटली, बाकीच्या गाड्या भर्रकन गेल्या. यांनी आधी आरसा पाहिला, मग मागचापुढचा अंदाज घेऊन सावकाश निघाले.

"बाबा, जोरात! शर्यत आहे!"

"जाऊ दे की त्यांना. त्यांना घाई आहे, मला नाही."

ते शेवटून पहिले आले. "गाडीला एक ओरखडा नाही," म्हणत त्यांनी असा काही रुबाबात घाम पुसला, की सूनबाईंना हसू आवरेना.

याच गेमची एक पुरवणी त्यांनी बाजूला टाकून ठेवली होती. शहरातून बस चालवायची. 'हे कोण खेळणार?' असं त्यांचं मत होतं. आता त्यांनी ती डाउनलोड केली. पडद्यावर बस दिसताच सासरे उठून आत गेले आणि केस विंचरून, शर्ट नीट खोचून परत आले.

पहिल्याच थांब्यावर एक म्हातारी पिशवी सांभाळत धावत येताना दिसली. सासरे थांबले. ती चढली, मगच निघाले. पडद्यावर लाल अक्षरं आली: उशीर. चालक नापास.

"नापास?" सासरे भडकले. "म्हातारी धावत येतेय आणि मी दार लावून निघू?"

"बाबा, गेमला कुठे कळतं ते?"

"मग कळव ना त्यांना! तू लिहितेस ना?"

सूनबाई लिहितात, हे या घरात सासऱ्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. सूनबाईंनी लिहिलं. स्टिअरिंगला आठ, पुरवणीला तीन. धावत येणाऱ्यासाठी थांबणाऱ्या चालकाला नापास करणारा गेम बस बनवतो, बससेवा नाही, असं ठणकावून सांगितलं.

अंक आला तेव्हा सासऱ्यांनी परीक्षण चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बरं लिहिलंयस. पण तीन जास्त झाले."

मग मासिकाचा माणूस स्टिअरिंग परत न्यायला आला. सासऱ्यांनी दार उघडलं, "तपासणी चालू आहे," म्हणाले आणि दार लावलं. वस्तू परत करायला कधीही उशीर न करणाऱ्या सूनबाई आतून ऐकत होत्या. त्यांनीच संपादकांना फोन केला. "आणखी महिनाभर लागेल. दीर्घ वापराची चाचणी घेतेय."

"आणि आम्ही जेवायचं कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"मांडीवर ताट घे," सूनबाई म्हणाल्या.

दोघं भिंतीला टेकून जेवायला बसली. टेबलापाशी सासऱ्यांनी बस थांब्यावर लावली होती, आणि कंडक्टर नसल्यामुळे तेही काम स्वतःच करत होते.

"पुढे सरका, पुढे सरका! आत जागा आहे!"