थांबाकीचा अर्थ

मी याद्या करते. किराण्याची, घर बंद करून गावाला जाताना तपासायच्या गोष्टींची, सोसायटीच्या टाकीवर कुणाची पाळी कधी त्याची. चाकणच्या कारखान्यात मी नव्या कामगारांचं प्रशिक्षण बघते. तिथे नांदेड, जळगाव, रत्नागिरी, बिहार अशा सगळीकडून आलेल्या मुलामुलींना लाइनवरची बोली कळत नाही, हे दिसल्यावर मी साहजिकच शब्दांची यादी केली. ती कुणीही वाचली नाही. ‘रिवर्क : सदोष भाग पुन्हा दुरुस्त करणे’ असले अर्थ मीसुद्धा दुसऱ्यांदा वाचले नसते.

मग मी ते पान सगळ्यांच्या फोनवर खुलं केलं. ज्याला जो अर्थ ठाऊक आहे तो त्याने लिहावा. आठवड्याभरात माझं पान मला ओळखू येईना.

‘जावई : एसी खोलीत ठेवलेलं नवं मशीन. त्याच्याशी मोठ्याने बोलायचं नाही. रुसलं तर सगळे धावतात.’

‘हळद लागणे : मालावर पिवळं स्टिकर बसणे. आता तपासणी होईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही.’

‘कुरुळी टाइम : कुरुळी गावात राहणाऱ्या पोरांची वेळ. बसवाल्याला “निघालो” म्हणणे आणि मग अंघोळीला जाणे.’

नव्या पोरांनी मोबाइलवरचे शब्दही आणले. ‘ऑरा : माणसाचं वजन. कॅन्टीनमध्ये तिसऱ्यांदा भात मागितला की कमी होतं.’ त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘चुकीचं. भाताने वजन वाढतं.’

गोंधळ वाढला तसे मी नियम केले. अर्थासोबत उदाहरण हवंच. दुसऱ्याचा अर्थ खोडायचा नाही, पटला नाही तर खाली आपला लिहायचा. ज्याला जास्त अंगठे तो अर्थ वर. आईबहीण आणि जात यांवर काही आलं तरच मी पुसणार, बाकी कशाला हात लावणार नाही. या शेवटच्या नियमामुळेच लोक पानावर मोकळेपणाने लिहीत होते.

‘थांबाकी’ हा शब्द त्या पानावर बरेच दिवस होता. वरचा अर्थ असा : ‘काहीही झालेलं नसताना लाइन थांबवणे. उदा. याने थांबाकी केली आणि सगळ्यांची बस चुकली.’ अंगठे भरपूर.

तो शब्द उदगीरकडच्या एका वेल्डरचा होता. नवा असताना त्याला भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प उघडा दिसला. ‘अवो थांबा की! थांबा की!’ असं ओरडून त्याने लाल बटण दाबलं. क्लॅम्प बंदच होता, त्यावर फक्त उजेड चमकला होता. लाइन परत सुरू व्हायला वेळ गेला, टार्गेट राहिलं, शिफ्टला थांबावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी नावाने हाक मारली नाही.

आता त्याला लाइन लीडर करायचं ठरलं होतं. काम चोख, डोकं शांत, त्यामुळे निवडीबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. उत्तर द्यायला त्याच्याकडे आठवडाभराचा अवधी होता. तो माझ्या टेबलाशी आला आणि उभ्यानेच म्हणाला, “मॅडम, तेवढं पानावरचं काढून टाका की. नायतर मी नाही म्हणून सांगतो.”

“लीडर व्हायला?”

“व्हय. उद्या कुणाला काम सांगायला गेलो की मागनं म्हणणार, आली बघा थांबाकी. कोण ऐकणार माझं?”

मी म्हणाले, “मी काढलं तर आज कॅन्टीनमध्ये दुसरा विषय असणार नाही. तुम्ही खाली तुमचा अर्थ लिहा.”

“मी लिहिला तर म्हणतील, रडतोय.”

हे मात्र बरोबर होतं. त्याने लिहून उपयोग नव्हता आणि मी लिहिलेला अर्थ तर कुणी वाचत नाही. म्हणजे हे लाइनवरच्या लोकांनीच करायला हवं होतं. सोमवारी शिफ्टच्या आधी सगळे ओळीत उभे राहतात, तेव्हा सुरक्षेच्या सूचना झाल्यावर मी पानावरचा एक शब्द मोठ्याने वाचते. त्या सोमवारी मी ‘थांबाकी’ वाचला. वेल्डर मागच्या ओळीत होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य जरा घाईने बोलले.

“कुणाकडे दुसरा अर्थ आहे? उदाहरणासकट.”

आधी हशा झाला. राजगुरुनगरजवळच्या गावातला एक प्रेस ऑपरेटर, आमच्या शिफ्टचा अधिकृत टवाळ, हात वर करून म्हणाला, “दुसरा कशाला? वरचा आमीच लिव्हलाय. एकदम ओरिजिनल हाय.”

“मग ताजं उदाहरण द्या,” मी म्हणाले. “अलीकडे कुणी केली थांबाकी?”

तो डोकं खाजवू लागला. तेवढ्यात पुढच्या ओळीतली तपासणीची बाई म्हणाली, “माझ्यावेळी केली की. एप्रनची नाडी कन्व्हेयरात गेली होती. यानंच बोंब मारली.” तिने त्याच ऑपरेटरकडे बोट केलं.

“काय ओरडले होते ते?”

“थांबाकी! दुसरं काय?”

ऑपरेटर म्हणाला, “मग काय ‘कृपया थांबा’ म्हणू?”

पुन्हा हशा, पण या वेळचा वेगळा होता. पाटण्याकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हमको तो पहिले दिन यही सिखाया. थांबाकी सुना, तो हाथ बटन पर.” दोघातिघांनी माना हलवल्या. लाइनवर आता सगळे हेच ओरडत होते. मराठी येवो न येवो, हा शब्द सगळ्यांना कळत होता. पानावर मात्र जुनाच अर्थ होता.

“कोण लिहितंय?” मी विचारलं. तपासणीच्या बाईने तिथेच फोन काढला आणि लिहिलं, ‘थांबाकी : धोका दिसला की ओरडायचं, ऐकलं की बटण दाबायचं. उदा. माझ्या एप्रनची नाडी.’

वेल्डरला हे पटलं नाही. तो मागूनच म्हणाला, “पण त्या दिवशी खरंच काय नव्हतं.”

ऑपरेटर वळला. “नव्हतं म्हणून तर हसलो, भावा. असतं तर हसलो असतो का? त्या बाईच्या वेळंला हसलो?”

घंटा झाली आणि ओळी मोडल्या. मला वेल्डरचा चेहरा वाचता आला नाही. दुपारपर्यंत नव्या अर्थाला अंगठे पडत होते, जुन्याला मात्र अजून बरेच जास्त होते. तो वर राहिला असता तरी मी हात लावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी वेल्डर जेवायच्या सुट्टीत आला आणि या वेळी खुर्चीवर बसला.

“साहेबांना हो म्हणून आलो,” तो म्हणाला. “पण त्या बाईनं लिहिलंय ते अर्धंच हाय. बटण दाबलं, पुढं काय? दाबणाऱ्याला आधी विचारायचं, काय दिसलं म्हणून. मला त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. सगळे घड्याळ बघत होते.”

“खोडता येणार नाही,” मी म्हणाले. “खाली लिहा.”

“रडतोय म्हणतील.”

“म्हणू दे. आता तुम्ही लीडर आहात.”

तो हसला आणि तिथेच बसून एका बोटाने, सावकाश टाइप करू लागला. माझा डबा संपेपर्यंत त्याचं लिहिणं चाललं होतं. पाठवून झाल्यावर फोन खिशात घालून तो उठला, तेव्हा मी पान उघडलं. शेवटी त्याचा अर्थ आला होता आणि पहिला अंगठा पडला होता. ऑपरेटरचा. त्याखाली लगेच त्याची ओळही आली : ‘उदाहरण कुठाय, लीडर?’