परत आलेला डबा

शेजारच्या मार्थाबाई आज डबा परत द्यायला आल्या. भांडं रिकामं परत करू नये, हे या परक्या देशात त्यांना मीच शिकवलेलं. डब्यात त्यांच्या झाडाची सफरचंदं होती. कोटावर मात्र बिल्ला होता, 'बाहेरच्यांना परत पाठवू' म्हणत काल संसदेची निवडणूक जिंकलेल्या पक्षाचा.

माझी नजर तिथे अडकलेली पाहून त्या घाईने म्हणाल्या, "अगं, तू नाहीस त्यात. तू तर आमची."

हे त्या प्रेमाने म्हणाल्या, तेच जास्त लागलं. सभेत ओरडणारे मला ओळखत नाहीत. पण मी तापाने फणफणले होते, तेव्हा सूप आणून देणाऱ्या हातांनीच हे मत दिलंय.

सफरचंदं गोड निघाली. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलाय. आता भरून द्यायची पाळी माझी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काय भरावं ते सुचत नाही.