दादाची लॅटिन पुस्तकं आणि त्यांवर हात ठेवणारे

जुनी पुस्तकं जमवणाऱ्याच्या घरात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकांना निदान वाळवी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही. बंगालात, आमच्या बागबाजारच्या घरात दोन्ही साठलं. साठवणारा, माझा थोरला भाऊ मुकुंद, यंदाच्या उन्हाळ्यात टायफॉइडने गेला.

दादा रेल्वेच्या कचेरीत कारकून. स्वातंत्र्य आलं, साहेब लोक विलायतेला निघाले, त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं. पियानो आणि झुंबरं शेटलोक घ्यायचे. दादा घ्यायचा ती कोपऱ्यात पडलेली लॅटिन पुस्तकं. व्हेनिसला नाहीतर बाझेलला छापलेली, चारशे वर्षांची. ती वाचता यावीत म्हणून तो दर रविवारी बराकपूरला एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे लॅटिन शिकायला जायचा.

मी सहावी नापास. बेहाल्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण तापात दादाने माझा हात धरून सांगितलं, "शशी, यांची ताटातूट होऊ देऊ नकोस." तेवढं कळतं. आणि ज्यांना लॅटिन कळतं म्हणतात त्यांना तेवढंच कळत नाही, म्हणून हे सगळं सांगतोय.

*

दादासारखे नादिष्ट आणखी दोघे होते. एक घोषबाबू, वकिली सोडलेले. दुसरे प्रोफेसर सान्याल, कॉलेजात इतिहास शिकवणारे. शनिवारी संध्याकाळी दोघे आमच्याकडे यायचे आणि वहिनीच्या हातचे पोहे खाऊन पुस्तकांवर भांडायचे.

एकदा घोषबाबूंना एक ग्रंथ मिळाला. त्याच्या समासात कुणा जुन्या वाचकाने शाईने बारीक अक्षरात टिपणं केली होती. दादाने ती बघितली आणि रात्रभर त्याच पुस्तकाबद्दल बोलत राहिला. घोषबाबूंनी काय करावं? ग्रंथ चितपूरच्या बाइंडरकडे दिला. बाइंडरने इमानदारीने चारी कडा सरळ कापल्या, वर सोनेरी मुलामा दिला. टिपणं अर्धी गेली.

"बघा मुकुंदबाबू, कसा कोराकरकरीत झालाय," घोषबाबू म्हणाले.

दादाने पुस्तक उघडलं, मिटलं, परत दिलं. "घोषबाबू, कान कापून घेतलेत आणि टोपी छान बसली म्हणताय."

त्या दिवशी दादा जेवला नाही. घोषबाबू जेवले. दोनदा पोहे मागून घेतले.

*

आपल्या मराठी मंडळींचंही सांगतो, नाहीतर म्हणाल बंगाल्यांवरच राग काढतोय. बदलीवर आलेले एक बँकेतले साहेब गणपतीला घरी आले. कपाट बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मुकुंदराव, तुमच्या घरात ही पाद्र्यांची पोथ्यापुराणं कशाला?"

दादाने त्याचा जीव की प्राण असलेला वनस्पतींचा ग्रंथ काढला. पानोपानी झाडांची चित्रं, लाकडी ठशांनी छापलेली. एक पान त्यांच्यासमोर धरलं. हुबेहूब तुळस. साहेबांनी चटकन चपला काढल्या आणि हात जोडले.

मग खालचा मजकूर बोटाने तपासला आणि म्हणाले, "पण मंत्र चुकीचा छापलाय."

*

दादा, घोषबाबू आणि सान्याल या तिघांचा आपसात एक नियम होता. लिलावाच्या आदल्या दिवशी सामान बघायला ठेवतात. तेव्हा ज्याचा हात पुस्तकावर आधी पडेल, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघांनी बोली चढवायची नाही. दोस्तांनी दोस्तांना महागात पाडू नये म्हणून. नियम चांगला होता. माणसं नव्हती.

अलीपूरच्या एका बंगल्यात मी दादाबरोबर ओझं उचलायला गेलो होतो. सान्याल आमच्या आधी येऊन गेलेले. पुस्तकांच्या ढिगावर त्यांची छत्री आडवी ठेवलेली, आणि स्वतः बागेत सिगरेट ओढत होते.

"हे काय, प्रोफेसर?" दादाने विचारलं.

"छत्री माझी आहे ना? मग हात माझाच."

मी छत्री उचलून खिडकीतून बाहेर भिरकावली. दादा माझ्यावर चिडला, सान्यालांची माफी मागितली, ढीगही त्यांना सोडला. माझं आजही म्हणणं आहे, छत्रीच्या मागोमाग ढीगही भिरकावायला हवा होता. सान्यालांनी झेलला असता.

*

दादाच्या तेराव्याला दोघे जेवायला आले. पंगतीतून उठून घोषबाबूंनी हात स्वच्छ धुतले आणि थेट दादाच्या कपाटाकडे गेले. एकेका पुस्तकावर हळूच हात ठेवत पुढे सरकायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय, दोस्ताच्या पुस्तकांवरून हात फिरवतोय. माझेही डोळे भरले.

तेवढ्यात सान्याल तोंडात पान कोंबत धावत आले. "घोषदा, थांबा. खालचे दोन कप्पे माझे."

मी मधे जाऊन कपाटाला कुलूप घातलं.

"अरे शशी, हा आमचा जुना नियम आहे," घोषबाबू समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुला माहीत नसेल."

"नियम माहीत आहे," मी म्हटलं. "लिलाव कोणी पुकारला?"

*

पुढे या दोघांनी मोहल्ल्याच्या वाचनालयात दादाची शोकसभा भरवली. फोटो, हार, उदबत्ती, सगळं व्यवस्थित. सान्याल बोलायला उभे राहिले ते कपाटाबद्दलच बोलले. शेवटी म्हणाले, "असे ग्रंथ जाणकारांच्या हाती जायला हवेत. मुकुंदबाबूंचा आत्मा आज त्या ग्रंथांत आहे."

मला बसवेना. "कुठल्या पानावर आहे ते सांगा," मी म्हटलं. "तेवढं पान घरी ठेवतो, बाकीचं घेऊन जा."

सभा चिडीचूप झाली. त्या शांततेत घोषबाबू शेजाऱ्याला हळू म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं. "पान काढलं तर ग्रंथ वाया जाईल."

*

आणि हा परवाचा.

दोघे पुन्हा आले. वनस्पतींचा ग्रंथ एकदा बघू दे, नुसता बघू दे, म्हणाले. वहिनी "दाखवा हो भाऊजी" म्हणाली म्हणून मी कुलूप काढलं आणि ग्रंथ टेबलावर ठेवला. ती चहा टाकायला आत गेली.

घोषबाबूंनी ग्रंथ जवळ ओढला. "शशी, आता स्पष्टच सांगतो. हा माझाच. मुकुंदने मला शब्द दिला होता."

"तुम्हाला?" सान्यालांनी दुसरी कड धरली. "शब्द मला दिला होता. याच खोलीत."

"कधी?"

"तुम्ही पोहे खात होता तेव्हा."

दोघांनी ग्रंथ सोडला नाही. मी सान्यालांच्या मनगटाला हात घालणार, तोच वहिनी ट्रे घेऊन दारात आली. ती त्यांच्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी मोडक्यातोडक्या बंगालीत बोलली.

"शब्द मलाही दिला होता."

दोघांनी वळून पाहिलं. सान्यालांचा चेहरा उतरला. "कुठल्या ग्रंथाचा, बौदी?"

"पूजेच्या सुट्टीत मला पुण्याला, माहेरी न्यायचा," वहिनी म्हणाली. "दरवर्षी द्यायचे."

तिने ट्रे माझ्या हातात दिला. त्या दोघांच्या हातांतून ग्रंथ काढून घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

"चहा घ्या," ती म्हणाली. "निवतोय."