झुकलेला तुरा

टेलरकाकांनी कोंबडीचं पिल्लू टेबलावर ठेवलं की घरातल्या पंख्यानेसुद्धा गप्प बसावं, अशी त्यांची अपेक्षा असे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. कुणाचा खांदा उतरता, कुणाच्या पाठीला बाक, हे टेप न लावता सांगायचे. तीच नजर त्यांनी मागच्या अंगणातल्या कोंबड्यांवर वळवली. पिल्लू ठेवायचं आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याची भीती मोडली की ते आपसूक खरं उभं राहतं. मग अंगठा छातीच्या हाडावरून फिरवायचा, चुण्या उलगडाव्यात तसा पंख उलगडायचा आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरचा तुरा. प्रदर्शनात मिरवणारा कोंबडा कोणता आणि नुसताच आरवून डोकं उठवणारा कोणता, हे काका दहाव्या आठवड्यात सांगत. लांबलांबून लोक खोके घेऊन येत. "काका, हा होईल का?" काका म्हणत, "होईल," नाहीतर "नाही होणार." मधलं काही नाही.

या खेपेला प्रश्न त्यांच्याच घरचा होता. महिनाअखेर दोघा म्हाताऱ्यांना लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं होतं. "बाबा, गॅलरीत कुंड्या चालतील, कोंबड्या नाहीत," असं लेकीने आधीच बजावलं होतं. तीस वर्षं जपलेली जात, आता अठरा कोंबड्या आणि सात पिल्लांवर आलेली. कोपऱ्यावरचा चिकनवाला दोनदा कुंपणावरून डोकावून गेला होता. आशा एकच, प्रदर्शनाचे पक्षी पाळणाऱ्या व्हॅनवाल्या बाई. "घेते की सगळ्या," त्या म्हणाल्या होत्या, "पण एक तरी नर जातीच्या नमुन्याला उतरायला हवा, काका. नाहीतर पुढे जात चालवू कशी?"

एक उतरत होता. पाठ इस्त्री फिरवल्यासारखी, पाय सरळ, डोळा जातीला शोभेल असा लालबुंद. आठव्या आठवड्यापर्यंत तुराही ताठ होता.

नवव्या आठवड्यात एका दुपारी काका झोपमोड झाली म्हणून रीळ शोधायला कोठीच्या खोलीत गेले, तर पिल्लांवरचा ऊब देणारा बल्ब जळत होता. सहाव्या आठवड्यात, पिसं फुटल्यावर, त्यांनी स्वतः बंद केलेला. शेजारी स्टुलावर काकू.

"अहो, कुडकुडतात बिचारी. तुम्ही झोपलात की मी लावते. तीन आठवडे झाले."

काका त्या नर पिल्लाकडे बघतच राहिले. तुरा कलू लागला होता. ऊब जास्त झाली की तुरा फोफावतो, मऊ पडतो आणि स्वतःच्याच वजनाने कलंडतो. रक्तात खोट नसते, त्याच्या पिल्लांचे तुरे ताठच राहतात. पण त्याचा तो एकदा कलला की कलला.

हे त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं. पण पाच वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीत काकूंच्या हातून खिडकी उघडी राहिली होती आणि अकरा पिल्लं गारठून मेली होती. त्यानंतर महिनाभर काकू मागच्या दाराकडे फिरकल्या नव्हत्या, जेवताना मधेच हात थांबायचा. काकांनी संध्याकाळी बल्ब काढून कपाटात टाकला.

"बल्ब उडाला गं."

"मग नवा आणा."

"आणतो की."

आणला नाही.

दहाव्या आठवड्यात बाई आल्या, व्हॅन दारात चालू ठेवूनच. "काका, पटकन. माझं खुराडं आज भरायचंच आहे. तुमच्याकडून नाही तर पुढच्या गावाहून."

कोंबडा टेबलावर. पाच मिनिटं. काकू हात पुसत आल्या.

"अगं, चहा टाक ना."

"आणलाच की. हा काय."

"मग बिस्किटं..."

"ताटलीत आहेत. आज मला घालवायला का टपलात? मीही वाढवलंय त्याला!"

बाई हसल्या. त्यांनी पाठ पाहिली, पाय पाहिले, मान डोलावली. मग थांबल्या. "तुरा डावीकडे कलतोय?"

"कलतोय."

"उभा राहील?"

"नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग एकच सांगा. दोष रक्तातला की वाढवण्यातला? वाढवण्यातला असेल तर आत्ता सगळ्या उचलते. तुमचा शब्द मला पुरे."

काकांनी तोंड उघडलं.

"वाढवण्यातला म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं. ताटली हातात तशीच. "आपण काय केलं?"

व्हॅन बाहेर घरघरत होती. काकांनी टेबलाच्या कडेवरचा न दिसणारा दोरा चिमटीत धरून ओढला.

"रक्तातला," ते म्हणाले.

बाई गेल्या. काका त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले, काही सांगता आलं तर बघावं म्हणून, पण मागोमाग काकूही धावल्या. "अहो बाई, तुमचा रिकामा खोका!" खोका घेऊन व्हॅन वळली. उद्या फोन करून 'बल्बमुळे झालं' म्हणावं, तर ती सबब वाटणार. असल्या सबबी काकांनी जन्मभर हसण्यावारी नेल्या होत्या.

काकू स्टुलावर बसल्या, कोंबडा मांडीवर.

"अहो, आपल्या रक्तात खोट? तीस वर्षांत एकदा तरी दिसली का?"

काका टेबल पुसू लागले.

"माझ्यासाठी बोललात ना? कळतं मला." काकूंचा आवाज बारीक झाला. "बल्ब उडाल्यावर तुमच्या मागे लागून नवा आणवायला हवा होता. गारठला हा. पुन्हा माझ्याच हातून झालं."

"नाही गं. तसं नाही."

"मग कसं?"

काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. काकूंनी खांद्यावरची शाल काढली आणि कोंबड्याला घट्ट गुंडाळलं, पार तुऱ्यापर्यंत.