यंदा मरजानच

पाऊस सरून ऊन तापायला लागलं, की महाडात लोक भातकापणीचं बोलतात, हायवेच्या खड्ड्यांचं बोलतात, आणि मोहल्ल्यातला नझीर ड्रायव्हर मरजानचं बोलतो. मरजान म्हणजे बहारीनमधला बास्केटबॉलचा क्लब. पगारी खेळाडूंचा, निळ्या बनियनचा, आणि आजवर एकदाही लीगचा कप न जिंकलेला. नझीरने उमेदीची सगळी वर्षं त्या क्लबची बस चालवली. बस सुटली, दाढी पांढरी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हंगाम तोंडावर आला की हा गडी पुन्हा पंचविशीतला होतो.

"यंदा मरजानच!" तो दर वर्षी सांगतो. कोणी विचारो न विचारो.

"व्हय, आन् मी नगराध्यक्ष," त्याची बायको हाजरा आतून म्हणते. तेही दर वर्षी.

आता महाडात बास्केटबॉलचं कोणाला काय पडलंय? दस्तुरी नाक्यावर चहाला जमणारी मंडळी टेनिस बॉलच्या क्रिकेटवर जीव ओवाळणारी. नझीर त्यांना फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक, बशी आणि बिस्किटं मांडून समजावतो. मंडळी माना डोलावतात आणि शेवटी कोणीतरी विचारतंच, "पण चाचा, यात आउट कसा होतो?" मग नझीर ते बिस्किट चहात बुडवून खाऊन टाकतो.

हाजराला मात्र सगळं कळतं. बास्केटबॉलचं मैदान तिने जन्मात पाहिलं नाही, पण मरजानचा हंगाम कधी सुरू होतो, सेमी कधी, फायनल कधी, हे तिला ईद-बकरीदेसारखं पाठ आहे. कारण मरजान ही तिची सवत. असं ती स्वतःच सांगते, आणि हसत सांगते, पण ते हसणं पुरतं हसणं नव्हे.

लग्न झालं तेव्हा नझीर पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटात ट्रक चालवत असे. मग गावातल्या एका गल्फवाल्याने त्याला बहारीनला नेलं आणि क्लबच्या बसवर बसवलं. घाटात हात बसलेल्या माणसाला त्या सपाट रस्त्यांचं काय कौतुक? तो अशी बस चालवायचा, की हरून परतणारे ते ताडमाड खेळाडू मागे लहान पोरांसारखे झोपून जायचे. आरशात त्यांच्याकडे बघता बघता नझीर त्यांच्यातलाच झाला. फोनवर "आमी जिंकलो", "आमी हरलो" असं बोलायला लागला. त्या "आमी"त आपण नाही, हे हाजराला पहिल्याच वर्षी कळलं.

क्लबचा नियम सरळ होता. हंगाम संपला की ड्रायव्हरला सुट्टी. टीम लवकर हरली तर नझीर लवकर घरी. टीम पुढे गेली, तर तो तिकडेच. आणि नझीरची ताकीद अशी, की हंगामाआधीच्या गुरुवारी घरी टीमच्या नावाने मलिदा झाला पाहिजे. हाजरा गव्हाच्या रोट्या कुस्करायची, गूळ, तूप, खोबरं घालून मळायची, शेजारच्या बुजुर्गांना बोलावून फातिहा द्यायची. तिकडे नझीर कप मागायचा आणि इकडे पदर डोक्यावर घेऊन हाजरा मनातल्या मनात मागायची, "या अल्ला, मरजानला पयल्याच फेरीत घरी बसव." एकाच मलिद्यावर दोन अर्ज! आणि अल्लाने बहुतेक वर्षं हाजराचाच मंजूर केला.

एका वर्षी मात्र त्याने तो अर्धाच ऐकला. लेकीच्या, नशराच्या वेळेला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी हाजराला दिवस गेले होते. बाळंतपणाला येतो, असं नझीर छातीठोकपणे सांगत होता. आणि नेमकी तेव्हाच ती मेली मरजान जिंकत सुटली. सेमी झाली, फायनल आली. नशरा जगात आली तेव्हा हाजराच्या उशाशी तिची सासू होती आणि बाप समुद्रापलीकडे बस पुसत होता. फायनलच्या संध्याकाळी शेजारच्या लाकडाच्या वखारीत त्याचा फोन आला. डोक्याला फडकं बांधून, भिंत धरत धरत हाजरा फोनपर्यंत गेली, तर पलीकडे नझीर हुंदके देऊन रडत होता. वखारवाल्याच्या बायकोने डोळे पुसले. "मुलगी झाली म्हणून रडतोय गो बिचारा," ती म्हणाली. हाजराने मान हलवली. मोहल्लाभर तीच गोष्ट झाली, आणि नशरा तीच गोष्ट ऐकत मोठी झाली. अब्बा माझ्यासाठी रडले होते.

फायनल गाठल्यामुळे मरजानला आणखी कुठल्याशा स्पर्धेचं बोलावणं आलं, तिथेही बस लागली, आणि ती संपते तोवर पुढचा हंगाम तोंडावर आला. नझीर घरी आला तेव्हा नशरा पावलं टाकत होती. वीर स्टेशनवर त्याने तिला उचललं, आणि महाडपर्यंतच्या रिक्षात तिने असा गळा काढला की रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, पोर आईकडं द्या. अनोळखी मानसाला भितंय ते."

त्या दिवसांची हाजराला आजही याद येते, आणि नवल म्हणजे गोडच वाटते. सुट्टीवर आलेला नझीर अंगणात पत्र्याचा डबा उंच बांधून नशराला खांद्यावर घ्यायचा, तिच्या हातून त्यात चिंध्यांचा चेंडू टाकवायचा आणि मोहल्ला ऐकेल असा ओरडायचा. सुट्टीचे दिवस भुर्रकन उडायचे. हाजरा भांडणं राखून ठेवायची, दिवस थोडे म्हणून. पुढे तो कायमचा परत आला, तेव्हा राखून ठेवलेली भांडणं कोणती, हेच तिला आठवेना.

आता मरजानची बस नशराचा नवरा मुसैब चालवतो. नझीरचा जावई म्हणून क्लबने त्याला डोळे झाकून ठेवला. नशरा बिरवाडीला सासरी असते, आणि यंदा तिला दिवस गेलेत. बाळंतपण एप्रिलात.

हंगामाआधीचा गुरुवार आला तशी नशरा माहेरी आली. हाजरा स्वयंपाकघरात रोट्या कुस्करत होती. नझीरने मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मुसैबचा व्हिडिओ कॉल चालू होता.

"अब्बा, नवा सेंटर प्लेयर बघाल तर बघतच राहाल! बसच्या दारातून पार वाकून येतो. आन् तुमच्या टीममधल्या हसनचा पोरगा तर काय खेळतो!"

"हसनचा पोरगा!" नझीरचा चेहरा उजळला. "माझ्या बसमदे बापाच्या मांडीवर बसून यायचा रे तो. खिडकीला नाक लावून. फ्री थ्रो कशी मारतो?"

"दहात नऊ."

"नऊ!" नझीर हाजराकडे वळला. "ऐकलंस गो? आमी कायम फ्री थ्रोमदे मेलो. यंदा फायनल पक्की."

नशरा मोबाईलपाशी सरकली. "आन् एप्रिलमदे तुमी येताय ना?"

मुसैबने मान खाली घातली. "मॅनेजर नाय बोलले. हंगाम संपेपर्यंत सुट्टी नाय. अब्बांचाच दाखला देतात ते. नझीरला पोरगी झाली तरी त्याने बस सोडली नव्हती, असं सगळ्यांसमोर सांगतात."

नझीरची मान क्षणभर ताठ झाली. तो दाखला त्याचं मेडल होता. क्लबातून निघताना त्याला हार घातला, तेव्हाही मॅनेजर हेच बोलला होता.

फोन बंद झाला. नशरा काही रडली नाही. उगाच ओढणी सारखी करत म्हणाली, "जाऊ दे. अब्बा तरी कुठं होते? पन माझ्यासाठी फोनवर रडले होते ना. हे बी रडतील."

हाजराचा हात परातीत थबकला. तिला वाटलं, नझीर आता हसेल, मान डोलावेल आणि वेळ निघून जाईल. इतकी वर्षं निघालीच होती. पण नझीर लेकीकडे बघत राहिला.

"नशरा," तो म्हणाला, "मी मॅचसाठी रडत होतो."

"काय?"

"एका पॉइंटनं हरलो होतो. तुझ्या अम्मीनं सांगितलं, मुलगी झाली. मी बोललो, अच्छा. आन् परत मॅचच सांगायला लागलो."

ते "अच्छा" हाजराने कोणालाही सांगितलं नव्हतं. सासूला नाही, आईला नाही. त्याला ते आठवत असेल, असंही तिला वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात नुसता गुळाचा वास होता.

"अच्छा," नशरा म्हणाली आणि उठून पडवीत गेली.

नझीरने मोबाईल घेतला. चष्मा शोधला, नंबर लावला. बहारीनचा तो मॅनेजर, युसूफ साहेब, आता म्हातारा झालाय. ड्रायव्हरांशी बोलून बोलून त्याचं हिंदी त्यांच्यासारखंच झालेलं. नझीरचा आवाज ऐकून तो खूश झाला. नव्या सेंटरचं सांगू लागला. नझीरने त्याला मधेच तोडलं. मरजानची गोष्ट नझीरने मधे तोडली, हे हाजराने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"साब, मुसैब को एप्रिल में घर भेजना है. उसका बच्चा आता है."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. "नझीर, तुम बोलता है ये? तुम?"

"हां, मैं बोलता है. और मेरा नाम लेके किसी का छुट्टी मत काटो, साब. वो मेरा बहादुरी नहीं था. मेरा बच्ची मेरे को देख के रोया, इतना बडा हो गया था. वो दिन मेरे को कोई वापस नहीं दिया."

मॅनेजरने फायनलचं काढलं. त्या आठवड्यात बस कोण चालवणार? जुन्या ड्रायव्हरचा हात टीमला लागतो.

"ज्युनियर का बस वो बंगाली लडका चलाता है ना, उसको दो. ब्रेक हलका मारने को बोलो. मैं उसको फोन पे सब समझाता है."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी युसूफ साहेब करवादला, "अच्छा बाबा, एप्रिल में मुसैब खाली. खुश?" नझीरने सलाम केला आणि फोन ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पडवीतून नशरा सगळं ऐकत होती. ती आत आली, बापापाशी बसली आणि परातीतल्या मलिद्याचे लाडू वळायला लागली. माफ केलं की नाही, ते काही बोलली नाही. पण पहिला लाडू तिने त्याच्याच हातावर ठेवला.

"आगो, फातिहा व्हायचीय अजून!" हाजरा ओरडली, तशी तिघंही हसली.

नझीर फातिहा पढला. दुआला हात उचलताना हाजराला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आता उलटं मागायला कारणच उरलं नव्हतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "तुमी कप मागत होता ना, तवा मी दर वर्षी हारच मागत होते. लवकर घरी यावं म्हणून."

नझीर तिच्याकडे वळला. "म्हंजे तो एक पॉइंट..."

"त्या वर्षी तर लय मागितलं होतं."

"या खुदा! आन् मी कोचला शिव्या घालत होतो!"

मग हाजराने आयुष्यात पहिल्यांदा मरजानसाठी कप मागितला. सवतीला हाताने साडी नेसवावी तसं तिला वाटलं, पण मागितला मनापासून.

ऊन उतरल्यावर नशरा मलिद्याचा डबा घेऊन रिक्षाने बिरवाडीला गेली. रिक्षा वळणाआड होईपर्यंत दोघं ओट्यावर उभी होती, मग तिथेच बसली. हाजराला लेकीसाठी इतका आनंद झाला होता, की तो मावत नव्हता. आणि त्याच आनंदाच्या पोटात काहीतरी टोचत होतं, तेही तिला कळत होतं. एवढासा तर फोन. वखारीतला फोन तेव्हाही होता, युसूफ साहेब तेव्हाही होता. ती भिंत धरून चालत गेली होती, तेव्हाही.

तिने नजर वळणावरच ठेवली. पण इतकी वर्षं आरशातून माणसं ओळखलेला तो ड्रायव्हर. त्याने तिच्याकडे न बघताच ओळखलं असावं.

"तुझ्या वेळचा फोन राहिला गो," नझीर म्हणाला.

इतक्या वर्षांत मॅच सोडून दुसरी कुठलीच हार त्याने तिच्यापाशी कबूल केली नव्हती.

"राहिला," हाजरा म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.